दोन भेटींच्या मधले तीन आठवडे

पत्र थोडक्यात असं: बडोद्याच्या जुन्या भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. वय तिशीच्या अलीकडे, खासगी कंपनीत नोकरी, घरी नवरा आणि सासू-सासरे. कॉलेजात असताना डाएट सुरू केलं. पुढे दिवसभर जेमतेम खायचं, रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हाताला लागेल ते खात सुटायचं आणि मग घाबरून उलटी काढायची, असं चक्र लागलं. लग्नानंतरही ते थांबलं नाही. या वर्षी त्यांनी नवऱ्याला सांगितलं आणि दोघं मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. बुलिमियाचं निदान झालं, औषध सुरू झालं. मानसशास्त्रज्ञांची भेट मात्र तीन-तीन आठवड्यांनी मिळते. मधल्या काळासाठी डॉक्टरांनी एक ऑनलाइन सेल्फ-हेल्प कार्यक्रम सुचवला आहे. त्यात आठवड्याला एक धडा, रोजची नोंद आणि आठवड्यातून एकदा समुपदेशकाशी थोडा वेळ बोलणं असतं.

त्या विचारतात, "माझं मला जमलं असतं तर मी डॉक्टरांकडे कशाला गेले असते? वेळ नाही म्हणून मला मोबाइलवर ढकलतायत का? फोनवरचे फोटो बघूनच तर हे वाढलं. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. नवरात्र तोंडावर आलंय, मी दर वर्षी नऊ दिवस उपवास करते. या नऊ दिवसांत थोडं वजन उतरलं की मन शांत होईल, मग कार्यक्रम सुरू करावा असं वाटतं. बरोबर आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला तारीख आहे. आधी वजन आणि मग उपचार हा क्रम बरोबर नाही. असं का म्हणते ते पुढे सांगते, पण हे वाचून होईपर्यंत तरी तो बेत बाजूला ठेवा.

आता डॉक्टर तुम्हाला ढकलतायत का, याकडे येऊ. ही शंका येणं मी समजू शकते. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट धीर करून सांगायची, आणि समोरच्याने एक लिंक पाठवायची, हे लागतंच. पण ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१७ साली खाण्याच्या विकारांवर मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रौढांमधल्या बुलिमियासाठी तिथे सुरुवातीलाच हा मार्ग सुचवला आहे: सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराच्या, तत्त्वांवर बेतलेलं साहित्य रुग्णाने स्वतः वापरायचं आणि सोबत जाणकार माणसाच्या छोट्या भेटी. वीस-वीस मिनिटांच्या चार ते नऊ भेटी, साधारण सोळा आठवड्यांत, सुरुवातीला दर आठवड्याला. ज्यांना यातून हवा तितका फरक पडत नाही त्यांना पुढे पूर्ण वैयक्तिक सीबीटी द्यायची, बहुधा वीस भेटींपर्यंत. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेली गोष्ट इतरत्र पहिली पायरी म्हणून दिली जाते. तुम्हाला तर ती औषध आणि मानसशास्त्रज्ञांच्या भेटी चालू ठेवून, वरून जादा मिळते आहे.

शिवाय एक विचार करा. तुमचा आजार दवाखान्याच्या वेळेत कधी येतो? तो येतो रात्री अकरानंतर, ओट्यापाशी. दवाखान्यात तुम्ही तीन आठवड्यांनी बसता तेव्हा ती रात्र आठवून सांगावी लागते, आणि लाजेपोटी त्यातलं निम्मं गळून जातं. रोजची नोंद तुमच्याजवळ त्या वेळी असते. दोन भेटींच्या मधले तीन आठवडे आजवर पूर्णपणे आजाराच्या ताब्यात होते. तिथे कोणीतरी सोबत असावं, एवढाच या कार्यक्रमाचा हेतू आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

"माझं मला जमलं असतं तर…" या वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबले. त्यात तुम्ही धरून चालला आहात की हा मनाच्या ताकदीचा प्रश्न आहे, तुमची ताकद कमी पडली, आणि आता कार्यक्रम पुन्हा तीच मागणार. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला होता. सगळे स्वेच्छेने आलेले, तत्त्वासाठी युद्धात लढायला नकार दिलेले, म्हणजे निश्चयाचे पक्के. जवळपास सहा महिने त्यांना गरजेच्या साधारण निम्मंच खायला दिलं. ही माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृती जमवू लागली. काहींचा ताबा सुटून त्यांनी चोरून खाल्लं आणि नंतर त्यांना अपराधी वाटलं. भरपूर खायला मिळू लागल्यावरही काहींचं पोट भरल्यासारखं होईना. त्यांच्यात आधी कुणाला खाण्याचा आजार नव्हता. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं.

बुलिमियाचं पहिलं नीट वर्णन १९७९ साली लंडनच्या डॉ. जेराल्ड रसेल यांनी केलं. पुढे ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी त्यावर सीबीटी बसवली, तीही याच निरीक्षणावर. वजनाच्या धास्तीने कडक नियम करायचे, त्यामुळे भूक साठते. एखादा नियम मोडला की 'आता सगळंच गेलं' म्हणून खाणं सुटतं, मग उलटी. उलटीनंतर 'उद्यापासून अजून कडक'. तुम्ही रात्रीच्या खाण्याला आजार समजता आणि दिवसभराच्या उपासाला त्यावरचा इलाज. मला वाटतं रात्र बिघडते ती दिवसामुळे.

म्हणून पहिल्या काही आठवड्यांत हा कार्यक्रम तुम्हाला 'रात्री खाऊ नका' असं फारसं सांगणारच नाही. तो सांगेल की दिवसा खा. तीन मुख्य जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं काही, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर नको. सकाळी चहाबरोबर पोहे किंवा ठेपला, ऑफिसात पूर्ण डबा, म्हणजे पोळी-भाजी आणि वरण-भात किंवा दही-भात. चारच्या सुमाराला काहीतरी पोटात, रात्री घरच्यांबरोबर जेवण, झोपण्याआधी हवं तर कपभर दूध. डाएटचा म्हणून एक खाखरा चघळून दुपार काढणं याला जेवण म्हणत नाहीत, आणि बडोद्यात कितीतरी मुली तेच करतात. काय खायचं यावर सुरुवातीला वाद घालू नका. मनाने वर्ज्य ठरवलेले पदार्थ, तुमची शेव-उसळ म्हणा किंवा श्रीखंड, पुढच्या टप्प्यात हळूहळू परत आणता येतात. आधी वेळा बसवायच्या. आदल्या रात्री उलटी झाली असली तरी सकाळचा नाश्ता करायचा, हा नियम सगळ्यात अवघड जाईल आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

नोंद कशी ठेवायची तेही सांगते, कारण इथे बरेच जण चुकीच्या वाटेला लागतात. यात कॅलरी लिहायच्या नसतात. किती वाजता, काय, कुठे खाल्लं; ते आपल्याला अति वाटलं का; उलटी केली का, पोट साफ करायच्या गोळ्या घेतल्या का; आणि त्या वेळी आजूबाजूला, मनात काय चाललं होतं. शक्यतो खाल्ल्यावर लगेच लिहायचं. कार्यक्रम इंग्रजीत असेल आणि चौकटीत इंग्रजीत लिहिताना अडखळायला होत असेल तर साधी वही करा आणि मराठीत लिहा. 'नणंद फोनवर म्हणाली, तब्येत सुधारली वाटतं, त्यानंतर झालं' हे ज्या भाषेत मनाला लागलं त्याच भाषेत उतरू द्या. समुपदेशकाशी बोलताना वही समोर घेऊन बसलं की झालं. काही आठवड्यांत तुम्हालाच दिसायला लागेल की वाईट रात्री कुठल्याही दिवशी येत नाहीत. डबा परत आला, मीटिंग लांबली, आरशासमोर जास्त वेळ गेला, अशा दिवसांच्या पोटी त्या येतात.

इच्छा अनावर झाली तर काय करायचं याची एक छोटी यादी शांत असताना बनवून ठेवा, कारण त्या क्षणी काही सुचत नाही. इच्छा चढते तशी उतरतेही. तेवढा वेळ काढायचा असतो. नवऱ्याजवळ जाऊन बसणं, बहिणीला फोन, गच्चीवर थोडा वेळ. जेवणानंतरचा तासभर एकटं न राहणं तर फारच कामाचं. इथे नवऱ्याची मदत होऊ शकते, पण पहारेकऱ्याची नको, हे त्यांनाही वाचून दाखवा. स्वयंपाकघराला कुलूप, बाथरूमबाहेर उभं राहणं, 'आज झालं का?' असं रोज विचारणं यातून लपवणं वाढतं. सोबत बसणं आणि इकडचं तिकडचं बोलणं पुरेसं आहे.

आता मार्गदर्शकाबद्दल, म्हणजे कार्यक्रमातल्या समुपदेशकाबद्दल, कारण माझ्या मते सगळं या माणसावर अवलंबून आहे. ऑनलाइन कार्यक्रम अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ असतात, आणि नुसतं साहित्य देऊन सोडून दिलं तर गळती आणखी वाढते. आपली नोंद या आठवड्यात कुणीतरी वाचणार आहे, एवढ्यानेही माणूस टिकतो. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा: पलीकडे माणूस आहे का, त्यांचं शिक्षण काय, खाण्याच्या विकारांचं प्रशिक्षण आहे का? त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असायला हवी. माझी प्रकृती बिघडली असं नोंदीतून दिसलं तर त्या माझ्या डॉक्टरांना कळवतील का? मी लिहिलेलं कोण कोण बघतं? २०२३ साली अमेरिकेत खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेला आपला चॅटबॉट बंद करावा लागला, कारण तो मदत मागायला आलेल्यांना कॅलरी मोजण्याचे आणि वजन उतरवण्याचे सल्ले देऊ लागला होता. म्हणून ज्या ॲपमध्ये वजनाचं लक्ष्य, कॅलरीचा आकडा किंवा 'आधी-नंतर'चे फोटो दिसतील ते तुमच्यासाठी नव्हे, मग त्यावर आरोग्याचं नाव काहीही असो. वजन करायचंच तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी.

फोनची भीती खरी आहे, आणि ती मी उडवून लावणार नाही. कार्यक्रम शक्य असेल तर लॅपटॉपवर उघडा. फोनवरच करावा लागला तर ज्या खात्यांवरचे फोटो बघून जीव कासावीस होतो ती आधी बंद करा, नोंदीच्या ॲपला कुलूप लावा, पडद्यावर येणाऱ्या सूचना बंद ठेवा. समुपदेशकाशी बोलायला घरात जागा नसेल तर ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत एखादी रिकामी खोली किंवा सयाजीबागेतला एखादा बाकही चालेल; वीस मिनिटांचाच प्रश्न असतो.

आणि नवरात्र. घट बसायच्या आधी तुमचं हे पत्र आलं ते बरं झालं. तुमच्या आजारात नऊ दिवसांचा उपवास म्हणजे त्याच चक्राला नऊ दिवस खतपाणी. 'नऊ नको तर उठता-बसता तरी करते' असंही मनात येईल. बुलिमिया सक्रिय असताना मी तेही करू नका असं म्हणेन. धार्मिक भावनेचा मी मान ठेवते. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की या उपवासात वजन उतरण्याची आशा मिसळली आहे, आणि हे पत्रात लिहिण्याइतका प्रामाणिकपणा तुमच्यात आहे म्हणून मी स्पष्ट बोलते आहे. देवीची आरती, माळ, सवाष्णींना हळदीकुंकू, कुमारिकापूजन, दिव्याची राखण, यातलं जे मनाला लागतं ते सगळं जेवून करता येतं.

बडोद्यात गरबा न खेळणं म्हणजे काय हे मला सांगायला नको. खेळायला हरकत आहे की नाही हे मात्र रक्ततपासणी बघून डॉक्टरांनी ठरवू द्या. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं, त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो, आणि अशा शरीराने तास-दोन तास नाचणं धोक्याचं आहे. परवानगी मिळाली तर जाण्याआधी नीट जेवा, परतल्यावर भूक असेल तर खा, आणि खाल्लेलं जाळण्यासाठी नाचतोय असं वाटू लागलं तर त्या रात्री ते नोंदीत लिहा. चनिया-चोळी अंगाला बसते ती शिवा. मागच्या वर्षीच्या चोळीत शिरण्यासाठी शरीर बदलायला जाऊ नका.

सासूबाईंना सगळं सांगायलाच हवं असं नाही. कधी आणि किती सांगायचं हा तुमचा अधिकार आहे. पण उपवास का नाही, याचं उत्तर लागेल. डॉक्टरांना सांगून चिठ्ठीवर लिहून घ्या: उपाशी राहायचं नाही, दर तीन-चार तासांनी खायचं. आपल्या घरांमध्ये डॉक्टरांच्या अक्षराला मान असतो. 'औषध चालू आहे, डॉक्टरांनी उपाशी राहायला मनाई केली आहे' हे पूर्ण खरं वाक्य आहे. ते नवऱ्याने आईला सांगितलं तर आणखी बरं. सुनेने उपवास टाळला असा विषय मग होत नाही.

आधी वजन का नको, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. वजन उतरवायचा प्रत्येक प्रयत्न भूक साठवतो आणि पुढच्या रात्रीची तयारी करतो. त्यात उलटीने खाल्लेलं सगळं बाहेर पडतं हाही गैरसमज आहे. बराचसा भाग शरीरात जातोच. पोट साफ करायच्या गोळ्या तर मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात, तोवर अन्न शोषून झालेलं असतं. जातं ते पाणी आणि क्षार.

शरीराकडे ऑनलाइन बसलेलं कोणी बघू शकत नाही, म्हणून ते काम प्रत्यक्ष दवाखान्यातच व्हायला हवं. पोटॅशियम आणि इतर क्षारांची तपासणी, गरज वाटली तर ईसीजी, आणि दातांच्या डॉक्टरांकडे एक फेरी. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ झालेलं दाताचं आवरण त्याने घासलं जातं; साध्या पाण्याने चूळ भरा. गोळी घेतल्यावर थोड्या वेळात उलटी होत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण औषध अंगी लागत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. औषध स्वतःहून बंद करू नका. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, हातापायांत अतिशय अशक्तपणा, किंवा जगणं नको असा विचार, यातलं काही झालं तर कार्यक्रमातल्या समुपदेशकाच्या उत्तराची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा थेट इमर्जन्सीत जा. मनाचा तोल जातोय असं वाटलं तर १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन चोवीस तास, विनाशुल्क, अनेक भारतीय भाषांत चालते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. वजन फार उतरलेल्या, खाणंच नाकारणाऱ्या, म्हणजे अॅनोरेक्सियाच्या रुग्णाला अशा कार्यक्रमाच्या भरवशावर ठेवू नका. तिथे डॉक्टरांची प्रत्यक्ष देखरेख आधी. शाळकरी मुला-मुलींसाठीही वेगळा मार्ग आहे, त्यात आई-वडिलांना सोबत घेऊन कुटुंब-उपचार केला जातो. गरोदर असाल किंवा मधुमेहावर इन्सुलिन घेत असाल तर आधी डॉक्टर. उलटी न करता फक्त अनावर खाण्याचा त्रास असणाऱ्यांना मात्र, आणि यात पुरुषही पुष्कळ असतात, मार्गदर्शनासह सेल्फ-हेल्प उपयोगी पडते. बडोद्यात खासगी डॉक्टर परवडत नसतील तर सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे.

तुम्ही, मैत्रिणी, पुढच्या भेटीची वाट न बघता या आठवड्यातच डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन करा. तीन गोष्टी मागा: रक्ततपासणीची चिठ्ठी, उपवास नको असं लेखी, आणि कार्यक्रमातल्या मार्गदर्शकाचं नाव. कार्यक्रम नवरात्राआधी सुरू करा, कारण तुम्हाला सोबतीची गरज त्याच नऊ रात्री जास्त लागेल. चार आठवड्यांनी वही घेऊन डॉक्टरांसमोर बसा. उलट्या आणि अनावर खाणं थोडंही कमी झालं नसेल, किंवा कार्यक्रम तुम्हाला मानवत नसेल, तर तसं सांगा आणि मानसशास्त्रज्ञांच्या दर आठवड्याच्या भेटी मागा. प्रत्यक्ष शक्य नसतील तर व्हिडिओवर. ती मागणी रास्त आहे, आणि ती करताना हातातली वही तुमच्या बाजूने बोलेल.